अ‍ॅलिस नील : माणसे वाचणारी चित्रकर्ती

वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत एका वृद्ध स्त्रीचे तैलचित्र आहे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुर्चीत ती बसली आहे. केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा, उजव्या हातात कुंचला आणि डाव्या हातात रंग पुसण्याचे फडके. अंगावर वस्त्र मात्र एकही नाही. सुटलेले पोट, ओघळलेले स्तन, लालसर गाल यांपैकी काहीही लपवलेले नाही. नजर थेट पाहणाऱ्यावर रोखलेली आहे. हे अमेरिकन चित्रकर्ती अ‍ॅलिस नील यांचे आत्मचित्र. १९७५ मध्ये त्यांनी ते सुरू केले, मध्येच सोडून दिले आणि १९८० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी पूर्ण केले. शतकानुशतके पाश्चात्त्य कलेत स्त्रीचा विवस्त्र देह रंगवला गेला; पण तो बहुधा तरुण होता आणि बहुधा पुरुषाने रंगवलेला होता. वृद्ध स्त्रीने स्वतःचाच देह, हातातील कुंचल्यासह, इतक्या निःसंकोचपणे समोर ठेवल्याची उदाहरणे फारच थोडी. आयुष्यभर इतरांना जी नजर त्यांनी लावली तीच अखेरीस स्वतःला लावली, हे या चित्राचे मर्म होय.

विसाव्या शतकातील व्यक्तिचित्रणात नील यांचे स्थान आज अग्रणी मानले जाते. मात्र ही मान्यता त्यांना मिळाली ती साठी उलटल्यानंतर. त्याआधीची चार दशके दारिद्र्य, अपत्यवियोग, मानसिक आजार आणि कलाजगताची उपेक्षा यांच्याशी झगडण्यात गेली. या काळात त्यांनी चित्रकला सोडली नाही आणि काळाच्या प्रवाहाबरोबर जाण्यासाठी ती बदललीही नाही.

बालपण आणि शिक्षण

अ‍ॅलिस हार्टली नील यांचा जन्म २८ जानेवारी १९०० रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन स्क्वेअर येथे झाला. बालपण कॉलविन या लहानशा गावात गेले. वडील पेनसिल्व्हेनिया रेल्वेमार्गाच्या कचेरीत कारकुनी करीत. पाच भावंडांत अ‍ॅलिस चौथ्या. मुलीच्या जातीने जगात काही करून दाखवावे, अशी अपेक्षा त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात नव्हती. आईनेही ते मुलीला स्पष्ट शब्दांत ऐकवले होते, असे नील पुढे सांगत असत.

शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी सरकारी नोकरीची परीक्षा दिली आणि कुटुंबाला हातभार लावण्यासाठी सुमारे तीन वर्षे कारकून म्हणून काम केले. संध्याकाळी त्या चित्रकलेच्या वर्गांना जात. १९२१ मध्ये त्यांनी नोकरी सोडून 'फिलाडेल्फिया स्कूल ऑफ डिझाइन फॉर विमेन' या स्त्रियांच्या कलाविद्यालयात प्रवेश घेतला. हीच संस्था पुढे मूर कॉलेज म्हणून ओळखली जाऊ लागली. शहरात पेनसिल्व्हेनिया अकादमीसारखी अधिक प्रतिष्ठित संस्था होती; परंतु तिथल्या दृक्‌प्रत्ययवादी शैलीचे संस्कार नील यांना नको होते. प्रसन्न उन्हातल्या सहली रंगवण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. रॉबर्ट हेन्री आणि त्यांच्या वर्तुळातील चित्रकारांनी शहरातील गल्ल्या, कामकरी माणसे आणि रोजचे जगणे चित्रविषय म्हणून पुढे आणले होते. नील यांची नाळ त्या परंपरेशी जुळली. १९२५ मध्ये त्या पदवीधर झाल्या.

हवाना, विवाह आणि दोन मुली

१९२४ च्या उन्हाळ्यात चेस्टर स्प्रिंग्ज येथील उन्हाळी कलावर्गात त्यांची ओळख कार्लोस एन्रिकेझ या क्युबन तरुण चित्रकाराशी झाली. पुढच्याच वर्षी दोघांनी विवाह केला आणि १९२६ मध्ये ते हवानाला गेले. एन्रिकेझ यांचे घराणे श्रीमंत होते. त्या सुखवस्तू घराबाहेर पडून नील रस्त्यावरची गरीब माणसे रंगवू लागल्या. क्युबातील नवविचारी लेखक-कलावंतांच्या गोटात त्यांचा वावर होता आणि १९२७ मध्ये तिथल्या नव्या कलेच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. डिसेंबर १९२६ मध्ये हवानातच त्यांच्या पहिल्या मुलीचा, सॅन्टियानाचा जन्म झाला.

१९२७ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. हातात पैसा नव्हता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सॅन्टियाना घटसर्पाने दगावली. तिचा पहिला वाढदिवसही झालेला नव्हता. नोव्हेंबर १९२८ मध्ये दुसरी मुलगी इझाबेटा जन्मली. या सुमारास नील यांनी रंगवलेल्या 'वेल बेबी क्लिनिक' या चित्रात प्रसूतिगृहातील माता आणि बालके आहेत. पण मातृत्वाच्या चित्रांत सहसा दिसणारा गोडवा तिथे नाही. आहे ती गर्दी, थकवा आणि धास्ती.

१९३० मध्ये एन्रिकेझ इझाबेटाला घेऊन क्युबाला गेले. तिथून पुढे पॅरिसला जाण्याचा दोघांचा बेत होता. तो फसला. मुलीला आपल्या नातेवाइकांकडे सोपवून एन्रिकेझ युरोपात गेले आणि नील अमेरिकेत एकट्या राहिल्या. एक मुलगी मृत्यूने नेली, दुसरी समुद्रापलीकडे गेली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्या मानसिकदृष्ट्या पूर्ण कोसळल्या. आत्महत्येचे प्रयत्न झाले आणि रुग्णालयात दीर्घ काळ काढावा लागला. १९३१ मध्ये त्या तिथून बाहेर पडल्या. त्यांच्या सावरण्यात चित्रे काढण्याचा मोठा वाटा होता.

इझाबेटाचे पुढील संगोपन क्युबातच झाले. मायलेकींच्या भेटी मोजक्याच घडल्या. १९३४ मध्ये ती आईकडे आली तेव्हा नील यांनी तिचे चित्र रंगवले. जेमतेम सहा वर्षांची ती मुलगी कमरेवर हात ठेवून, ताठ उभी राहून आईकडे पाहते आहे. त्या नजरेत मूलपणापेक्षा परकेपणा अधिक आहे. हे अंतर कधीच मिटले नाही. इझाबेटाने १९८२ मध्ये स्वतःचे जीवन संपवले.

ग्रेनिच व्हिलेज आणि जळालेली चित्रे

१९३२ च्या सुमारास नील न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज या लेखक-कलावंतांच्या वस्तीत राहू लागल्या. अमेरिका तेव्हा महामंदीत होती. भोवतालचे कवी, कामगार पुढारी आणि भटके बुद्धिवंत हे त्यांचे चित्रविषय झाले. जो गूल्ड या व्हिलेजमधील विक्षिप्त वल्लीचे १९३३ मधील चित्र इतके धीट होते, की ते जाहीरपणे मांडता येण्यास सुमारे चार दशके जावी लागली. गूल्ड यांची आत्मप्रौढी दाखवण्यासाठी नील यांनी त्यांना विवस्त्र रंगवले, तेही एकापेक्षा अधिक जननेंद्रियांसह! पुरुषाच्या नग्नतेकडे स्त्रीने अशा मिस्कीलपणे पाहावे, हे त्या काळी कल्पनेपलीकडचे होते.

या काळातील बरेच काम मात्र आज पाहायला मिळत नाही. केनेथ डूलिटल या दर्यावर्दी सहचराबरोबर त्या राहत होत्या. १९३४ च्या अखेरीस रागाच्या भरात त्याने त्यांची शेकडो रेखाटने व जलरंगातील चित्रे जाळली आणि अनेक तैलचित्रे सुरीने फाडली. इझाबेटाचे चित्रही त्यात नष्ट झाले. नील यांनी ते पुढच्या वर्षी पुन्हा रंगवले. आज उपलब्ध आहे ते हे दुसरे चित्र.

मंदीत कलावंतांना आधार म्हणून अमेरिकी सरकारने ज्या योजना सुरू केल्या, त्यांचा लाभ नील यांना १९३३ पासून मिळाला. ठरावीक मुदतीत चित्र द्यायचे आणि त्याबदली दर आठवड्याला वेतन घ्यायचे, अशी ही व्यवस्था होती. १९३५ मध्ये त्या कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्य झाल्या. त्याच वर्षी त्यांनी पॅट व्हेलन या गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचे चित्र रंगवले. पक्षाच्या वृत्तपत्रावर टेकवलेल्या त्याच्या दोन मुठी चेहऱ्याइतक्याच बोलक्या आहेत. 'नाझीज मर्डर ज्यूज' हे मशाल-मोर्चाचे चित्र १९३६ चे. युरोपातील संहाराची व्याप्ती जगापुढे येण्याच्या कितीतरी आधीचे.

१९४३ मध्ये सरकारी योजना बंद झाली. योजनेसाठी काढलेली अनेक चित्रकारांची चित्रे सरकारने निरुपयोगी कापड म्हणून वजनावर विकून टाकली. हे समजल्यावर नील यांनी भंगारवाल्याकडून स्वतःची काही चित्रे पैसे मोजून परत मिळवली.

हार्लेममधील दोन तपे

१९३८ मध्ये नील यांनी ग्रेनिच व्हिलेज सोडले आणि न्यूयॉर्कच्या उत्तर भागातील स्पॅनिश हार्लेम या वस्तीत बिऱ्हाड केले. पोर्तो रिकोहून आलेली गरीब कुटुंबे तिथे दाटीवाटीने राहत. त्यांचे सहचर होझे नेग्रॉन हे मूळचे पोर्तो रिकोचे गायक-वादक. १९३९ मध्ये रिचर्ड या मुलाचा जन्म झाल्यानंतर थोड्याच काळात ते निघून गेले. त्यानंतर सॅम ब्रोडी या छायाचित्रकार-चित्रपटकाराशी नील यांचा संबंध आला आणि १९४१ मध्ये हार्टली हा दुसरा मुलगा झाला. ब्रोडी यांच्याबरोबरचे सहजीवनही वादळी ठरले. दोन्ही मुलांना नील यांनी मुख्यतः स्वतःच्या बळावर वाढवले. चित्रे विकली जात नव्हती. घर सरकारी मदतीवर चाले.

कलाजगताचे केंद्र असलेल्या मॅनहटनच्या दक्षिण भागातून दूर, अशा वस्तीत जाऊन राहणे म्हणजे चित्रकाराने आपणहून अज्ञातवास पत्करणे होते. पण नील यांची काही श्रेष्ठ चित्रे याच काळात निर्माण झाली. 'टी. बी. हार्लेम' हे १९४० चे चित्र त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. होझे यांचे बंधू कार्लोस नेग्रॉन तेव्हा अवघे २४ वर्षांचे होते. क्षयावर खात्रीचे औषध नसलेला तो काळ. बरगड्या काढून रोगट फुप्फुस दाबून टाकण्याची शस्त्रक्रिया त्यांच्यावर झाली होती. चित्रात ते उशीला टेकून पडले आहेत. छातीवर पांढरी पट्टी, एक हात अलगद जखमेजवळ, मान किंचित कललेली. क्रुसावरून उतरवलेल्या येशूच्या चित्रांची आठवण करून देणारी ही रचना आहे. मात्र यात करुणेची भीक नाही. कोंदट खोल्या, अपुरे अन्न आणि संसर्ग यांनी ग्रासलेल्या वस्तीचे दुखणे एका माणसाच्या शरीरावर कसे उमटते, ते हे चित्र दाखवते. वॉशिंग्टनमधील स्त्री-कलावंतांच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते आज आहे.

१९४३ चे 'द स्पॅनिश फॅमिली', १९५९ चे 'टू गर्ल्स, स्पॅनिश हार्लेम' यांत शेजारीपाजारी भेटतात. लेखिका-नाटककार अ‍ॅलिस चिल्ड्रेस, विचारवंत हॅरॉल्ड क्रूझ अशा कृष्णवर्णीय बुद्धिवंतांनाही नील यांनी १९५० च्या सुमारास समोर बसवले. संग्रहालयांच्या भिंतींवर अशा चेहऱ्यांना तेव्हा जागा नव्हती. आईच्या अखेरच्या आजारपणातले चित्रही याच काळातले. 'लास्ट सिकनेस' या १९५३ च्या चित्रात चौकडीच्या झग्यातील म्हातारी आई चश्म्याआडून मुलीकडे पाहते आहे. त्या नजरेत भीती आणि किंचित राग एकत्र आले आहेत. पुढच्या वर्षी ती निवर्तली.

याच दशकात अमेरिकेत डाव्या विचारांच्या माणसांची चौकशी जोरात होती. १९५५ मध्ये एफबीआयचे अधिकारी नील यांच्या दारात आले. आपले चित्र काढून घेण्यासाठी बसता का, असे नील यांनी त्यांनाच विचारल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. अधिकाऱ्यांनी नकार दिला!

प्रवाहाविरुद्ध

नील यांच्या उपेक्षेचे कारण केवळ त्यांचे स्त्री असणे किंवा गरीब असणे एवढेच नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये अमूर्त अभिव्यक्तिवादाचा बोलबाला झाला. जॅक्सन पोलॉक, विलेम डी कूनिंग, मार्क रॉथ्को यांच्या भव्य कॅनव्हासनी समीक्षक आणि संग्राहक भारावून गेले. समोर माणूस बसवून त्याचे चित्र काढणे ही कालबाह्य गोष्ट मानली जाऊ लागली. छायाचित्रणाने व्यक्तिचित्राची गरज संपवली, असाही युक्तिवाद होता. नील यांनी अमूर्त कलेचा तिरस्कार केला नाही; पण माणसाला चित्रातून हद्दपार करणे त्यांना मान्य नव्हते. स्वतःच्या कामाला 'पोर्ट्रेट' म्हणणेही त्यांना रुचत नसे. 'माणसांची चित्रे' हा साधा शब्दप्रयोग त्यांना पसंत होता.

या पसंतीमागे एक महत्त्वाचा भेद होता. पारंपरिक व्यक्तिचित्रकार मागणीनुसार काम करतो. पैसे देणारा माणूसच चित्रविषय असल्याने त्याला चित्र आवडले पाहिजे, हे बंधन ओघाने येते. नील यांनी जवळजवळ सगळी माणसे स्वतः निवडली. कुणी पैसे देत नव्हते, म्हणून कुणाची खुशामत करण्याचे कारण नव्हते. या स्वातंत्र्याची किंमतही तेवढीच होती. चित्रे विकली न जाता घरातच साठत गेली आणि खोल्यांतून भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासच्या चळती वाढत राहिल्या.

चित्रपद्धती

नील यांचा स्वतंत्र स्टुडिओ नव्हता. राहत्या घरातील खोलीतच माणसे येऊन बसत. त्या त्यांच्याशी गप्पा मारीत. बोलता बोलता माणूस नकळत ज्या बैठकीत स्थिरावे, तीच त्या रंगवीत. जगाने त्या माणसाचे काय केले आहे आणि त्याने जगाला काय उत्तर दिले आहे, हे त्या सहज बैठकीतून उघड होते, अशी त्यांची धारणा होती.

कच्चे रेखाटन न करता त्या पातळ केलेल्या रंगाने थेट कॅनव्हासवर बाह्यरेषा काढीत. उत्तरकाळात ही रेषा बहुधा निळी असे आणि चित्र पूर्ण झाल्यावरही ती झाकली जात नसे. चेहरा आणि हात यांवर सर्वाधिक काम होई. खुर्ची, भिंत, जमीन मात्र पुष्कळदा दोन-चार रेषांत सुचवून सोडलेली असे. त्वचेत हिरवा, जांभळा, पिवळा असे अनपेक्षित रंग येत. डोके थोडे मोठे, बोटे लांब, पाय वाकडे असा आकारांचा मुद्दाम केलेला विपर्यासही दिसतो. तो व्यंगचित्रासारखा हसवण्यासाठी नसतो. व्यक्तीचा ताण, अहंकार किंवा अवघडलेपण त्यातून व्यक्त होते. बैठक संपली की आपण रिकाम्या घरासारख्या होतो, असे त्या म्हणत. दुसऱ्याच्या आयुष्यात शिरण्याची ही परिणती होती.

'अपूर्ण' या शब्दाचा अर्थही नील यांनी बदलून टाकला. १९६५ मध्ये जेम्स हंटर या कृष्णवर्णीय तरुणाला त्यांनी समोर बसवले. व्हिएतनाम युद्धासाठी त्याला सक्तीच्या सैन्यभरतीचा हुकूम आलेला होता. पहिल्या बैठकीत डोके आणि हात रंगवून झाला, उरलेल्या शरीराच्या केवळ रेषा निघाल्या. दुसऱ्या बैठकीला तो आलाच नाही. नील यांनी चित्र तसेच ठेवले आणि मागच्या बाजूस सही करून ते पूर्ण झाल्याचे ठरवले. गालावर हात टेकून विचारात हरवलेल्या त्या तरुणाच्या भोवतीचा कोरा कॅनव्हास युद्धाविषयी जे सांगतो, ते भरगच्च रंगकामाने क्वचितच सांगितले असते.

गरोदर स्त्रिया आणि प्रसिद्ध चेहरे

१९६२ मध्ये नील मॅनहटनच्या पश्चिमेकडील १०७ व्या रस्त्यावरच्या, अधिक उजेडाच्या घरात राहायला गेल्या. १९६३ पासून ग्रॅहम गॅलरीने त्यांची प्रदर्शने भरवण्यास सुरुवात केली. कवी व संग्रहालय-अधिकारी फ्रँक ओहारा यांची दोन चित्रे त्यांनी १९६० मध्येच रंगवली होती. आता कलाजगतातील नामवंत मंडळी त्यांच्या खुर्चीत येऊन बसू लागली.

त्यांपैकी १९७० चे अँडी वॉरहॉल यांचे चित्र विशेष गाजले. वॉरहॉल म्हणजे झगमगाटाचे, प्रसिद्धीचे मूर्तिमंत प्रतीक. जून १९६८ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि ते थोडक्यात वाचले होते. नील यांनी त्यांना कमरेपर्यंत उघडे बसवले. पोटावर वैद्यकीय पट्टा, छातीवर शस्त्रक्रियेचे व्रण, डोळे मिटलेले, हात गुंफलेले. इतरांच्या प्रतिमांचा व्यापार करणारा हा कलावंत इथे निव्वळ एक जखमी, एकाकी माणूस आहे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात हे चित्र आहे.

१९६४ पासून पुढे नील यांनी गरोदर स्त्रियांची विवस्त्र चित्रे रंगवली. 'प्रेग्नंट मारिया' (१९६४), 'प्रेग्नंट ज्युली अँड अल्गिस' (१९६७), 'मार्गारेट इव्हान्स प्रेग्नंट' (१९७८) ही त्यांतील महत्त्वाची. गर्भारपण ही जीवनातील मूलभूत वस्तुस्थिती असूनही पाश्चात्त्य चित्रकलेने ती लज्जेपोटी टाळली, असे त्यांचे म्हणणे होते. ताणलेली त्वचा, सुजलेले पाय, अवघडून बसणे आणि चेहऱ्यावरची उत्सुकता व भीती यांची सरमिसळ या चित्रांत आहे. स्वतः चार वेळा आई झालेल्या आणि दोन मुलींना वेगवेगळ्या प्रकारे गमावलेल्या स्त्रीने ती रंगवली आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांतला गंभीर सूर उमगतो.

स्त्रीमुक्ती चळवळ आणि मान्यता

सत्तरच्या दशकात अमेरिकेत स्त्रीमुक्तीची चळवळ फोफावली आणि विस्मृतीत गेलेल्या स्त्री-कलावंतांचा शोध सुरू झाला. ऑगस्ट १९७० मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर लेखिका केट मिलेट यांचे नील यांनी केलेले चित्र झळकले. चळवळीचा एकच एक चेहरा होण्यास नकार देत मिलेट यांनी चित्रासाठी बसण्याचे नाकारले होते. त्यामुळे नील यांना ते छायाचित्रावरून करावे लागले. थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत, या प्रश्नाची १९७१ मध्ये मूलगामी चिकित्सा करणाऱ्या कला-इतिहासकार लिंडा नॉक्लिन यांनाही त्यांनी १९७३ मध्ये लहान मुलगी डेझीसह रंगवले. विदुषी आणि आई या दोन भूमिकांतील ओढाताण नॉक्लिन यांच्या पुढे झुकलेल्या, मुलीला सावरणाऱ्या बैठकीत दिसते.

चळवळीने नील यांना आपले मानले. नील यांनीही तिचे स्वागत केले. मात्र त्या कोणत्याही संघटनेच्या शिस्तीत बसणाऱ्या नव्हत्या. आपली मुक्ती आपण फार पूर्वीच, एकटीने आणि मोठी किंमत देऊन मिळवली आहे, अशी त्यांची भूमिका होती. पक्षाच्या बाबतीतही त्यांचे असेच होते. शोषितांविषयीची कळकळ अखेरपर्यंत टिकली. पण ठरीव साच्याची प्रचारचित्रे त्यांनी काढली नाहीत. १९६९ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हार्लेमवर प्रदर्शन भरवताना कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रे वगळली, तेव्हा निदर्शने करणाऱ्यांत नील होत्या.

१९७४ मध्ये व्हिटनी संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. ५८ चित्रे मांडली गेली. चित्रकर्ती तेव्हा ७४ वर्षांच्या होत्या. पुढील सन्मान त्यानंतर झपाट्याने आले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या कला व साहित्य अकादमीवर निवड झाली. १९७९ मध्ये स्त्री-कलावंतांच्या संघटनेचा जीवनगौरव सन्मान त्यांना अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या हस्ते मिळाला. १९८१ मध्ये मॉस्कोत चित्रे प्रदर्शित झाली. १९८४ मध्ये जॉनी कार्सन यांच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात मिस्कील, फटकळ आजीबाईंच्या रूपात घराघरांतील प्रेक्षकांनी त्यांना पाहिले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. व्हरमाँटमधील त्यांच्या उन्हाळी चित्रशाळेजवळ त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

वारसा

मृत्यूनंतर नील यांची कीर्ती सतत वाढत गेली. २०१० मध्ये ह्यूस्टन येथे सुरू झालेले प्रदर्शन युरोपातही गेले. २०१७ मध्ये समीक्षक हिल्टन आल्स यांनी हार्लेम आणि परिसरातील कृष्णवर्णीय, लॅटिन व आशियाई वंशाच्या माणसांची चित्रे एकत्र आणून त्यांच्या कामाची एक दुर्लक्षित बाजू समोर ठेवली. २०२१ मध्ये खुद्द मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 'पीपल कम फर्स्ट' हे शंभराहून अधिक कलाकृतींचे प्रदर्शन झाले. ज्या इमारतीबाहेर त्या फलक घेऊन उभ्या राहिल्या होत्या, तिच्या आत बावन्न वर्षांनी त्यांची चित्रे सन्मानाने मांडली गेली. २०२२ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्राने आणि २०२३ मध्ये लंडनच्या बार्बिकनने त्यांच्यावर प्रदर्शने भरवली. आज माणसांच्या चित्रणाकडे वळलेल्या तरुण चित्रकारांच्या पिढीवर त्यांचा ठसा स्पष्ट आहे. हार्लेममधील रहिवाशांना त्यांच्याच परिसरात रंगवणाऱ्या जॉर्डन कास्टील यांचे नाव या संदर्भात आवर्जून घेतले जाते.

या यशोगाथेला दुसरी बाजूही आहे. नातू अँड्र्यू नील यांनी २००७ मध्ये आजीवर माहितीपट केला. एक मुलगा वकील आणि दुसरा डॉक्टर झाला. परंतु आईच्या बेबंद, अस्थिर जीवनक्रमाचा चटका दोघांनाही बसला होता. कलेसाठी केलेल्या त्यागात केवळ कलावंतच होरपळत नाही, घरातली मुलेही होरपळतात, हे त्या माहितीपटातून जाणवते. क्युबात वाढलेल्या इझाबेटाची कहाणी तर याहून करुण. पुरुष चित्रकारांच्या चरित्रांत अशा गोष्टी बहुधा तळटिपेत जातात. स्त्रीच्या बाबतीत त्याच गोष्टी आरोपपत्र बनतात. नील यांचे मूल्यमापन करताना हा दुजाभाव विसरता येत नाही आणि मुलांचे दुःखही विसरता येत नाही.

नील यांनी स्वतः यावर स्पष्टीकरणे देत बसण्यापेक्षा चित्रे रंगवली. क्षयरोगी तरुण, शेजारच्या मुली, कामगार पुढारी, मरणपंथाला लागलेली आई, जखमी वॉरहॉल आणि अखेरीस स्वतःचे वृद्ध शरीर यांच्याकडे त्यांनी एकाच मापाने पाहिले. सुमारे सहा दशकांतील न्यूयॉर्कच्या माणसांची ही चित्रमालिका एखाद्या महाकादंबरीसारखी आहे. तिच्यातली बहुतेक पात्रे एकदा खरोखर त्यांच्यासमोर येऊन बसली होती.